महिन्याचा आकडा आणि आपला रस्ता : वाचकांचे प्रश्न

या अंकातले प्रश्न रस्ते अपघातांविषयीचे आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि लांब पत्रांतला मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला आहे.

आमच्याकडे दर महिन्याला अपघातांचे आकडे वर्तमानपत्रात येतात. एका महिन्यात मृत्यू दुप्पट झाले, तेव्हा खड्ड्यांना दोष दिला गेला. पुढच्याच महिन्यात ते निम्म्यावर आले, तेव्हा चौकातल्या नव्या कॅमेऱ्यांना श्रेय मिळाले. यातले काय खरे मानायचे?
— एक वाचक, कराड

तूर्त दोन्ही मानू नका. एका महिन्याच्या आकड्यात दम कमी असतो आणि मथळ्यात जास्त.

समजा, एखाद्या तालुक्यात वर्षाला ७२ माणसे रस्त्यावर दगावतात, म्हणजे महिन्याला सरासरी ६. रस्ते तेच, वाहने तीच, बंदोबस्त तोच राहिला तरी दर महिन्याला मोजून सहाच मृत्यू होत नाहीत. संभाव्यतेच्या गणिताने वर्षातले साधारण दोन महिने ३ किंवा त्याहून कमी मृत्यूंचे निघतात आणि दोन महिने ९ किंवा त्याहून जास्त मृत्यूंचे. नऊचा महिना उजाडला की बैठक होते, कॅमेरे बसतात. पुढच्या महिन्यात आकडा आपसूक सरासरीकडे उतरतो आणि हार कॅमेऱ्याच्या गळ्यात पडतो. कॅमेरा कुचकामी आहे असे नव्हे. तो कामाला आला की नाही, हे एवढ्यात कळत नाही.

घरच्या घरी लावता येईल अशी ढोबळ कसोटी आहे. मासिक सरासरीचे वर्गमूळ काढा आणि त्याची दुप्पट करा. सहाचे वर्गमूळ २.४, दुप्पट जवळपास ५. म्हणून १ ते ११ मधला कोणताही महिना नेहमीचाच समजा. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही वर्षांचे आकडे मिळवून त्या बेरजेचे वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. ७२ वरून ६० वर आले तर फरक १२, पण कसोटीचा आकडा २३ येतो. म्हणजे अजून काही सिद्ध झालेले नाही. ७२ वरून ४५ वर आले तर फरक २७ आणि कसोटी २२. इथे मात्र काहीतरी खरोखर बदलले आहे, कारण शोधा.

दुसरी गोम नोंदीत आहे. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत जखमी दगावला तर तो रस्ते अपघाताचा मृत्यू धरला जातो. महिन्याच्या पाच तारखेला छापलेला गेल्या महिन्याचा आकडा त्यामुळे कच्चाच असतो. त्यात गंभीर जखमीला गावातून मोठ्या शहरात हलवलेले असते. तिथे मृत्यू झाला की अकस्मात मृत्यूची नोंद त्या रुग्णालयाच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात होते आणि कागद तुमच्या ठाण्यात यायला वेळ लागतो. गेला महिना नेहमी थोडा बरा दिसतो, त्याचे एक कारण हे आहे. आकडा वाचायचा तर निदान दोन महिने जुना वाचा.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करणे बरे, पण आपल्याकडे तिथेही फसायला होते. गणेश चतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. अधिक महिना आला की लग्नसराई सरकते. फेब्रुवारीचे २८ दिवस आणि मार्चचे ३१, हा फरकच दहा टक्क्यांचा. या सगळ्यावर उपाय एकच आहे. प्रत्येक महिन्याअखेर मागच्या बारा महिन्यांची बेरीज काढा आणि तीच आलेखावर मांडत चला. सण कुठेही सरकला तरी बहुतेक त्या बारा महिन्यांतच सापडतो.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाचे उदाहरण घ्या. २०१६ मध्ये तिथे १५१ मृत्यू झाले. त्यानंतर संरक्षक कठडे, धोक्याच्या जागांची दुरुस्ती, वेगावर लक्ष, रुग्णवाहिका अशी कामे नेटाने झाली. २०१७ मध्ये मृत्यू १०५ झाले, २०१८ मध्ये ११० आणि २०१९ मध्ये ९२. १०५ चे ११० झाले म्हणून ‘उपाय फसले’ असे कोणी म्हटले असते तर ते चुकीचे ठरले असते. आणि २०२०–२१ ही टाळेबंदीची वर्षे तुलनेला कधीच घेऊ नका.

मृत्यू फारसे वाढले नाहीत, पण ‘गंभीर जखमी’ वाढलेले दिसतात. रस्ते खरेच इतके बिघडले का?
— वाचक, पंढरपूर

तुमच्या आकड्यांत २०२४ चा जुलै कुठे येतो ते आधी पाहा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या दंड संहितेत २० दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचे काम करता न येणे ही गंभीर दुखापतीची एक कसोटी होती. नव्या कलम ११६ मध्ये ती १५ दिवसांवर आली. तीच दुखापत आता किरकोळऐवजी गंभीर खान्यात जाऊ शकते. शिवाय अपघातस्थळीच मोबाइल अ‍ॅपवर माहिती भरण्याची पद्धत आल्यापासून पूर्वी निसटणाऱ्या नोंदीही सापडतात.

एक प्रमाण काढून पाहा : दर १०० अपघातांमागे मृत्यू किती. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू झाले, म्हणजे शंभरामागे ३६.५. महाराष्ट्रात ३३,३८३ अपघातांत १५,२२४ मृत्यू, म्हणजे ४५.६. एखाद्या गावाचे प्रमाण ६०–७० च्या घरात गेले तर दोन शक्यता असतात. वेग फार आहे, किंवा किरकोळ अपघात ठाण्यापर्यंत पोचतच नाहीत. दुचाकी घसरून हात मोडलेल्यांची हाडाच्या दवाखान्यातली संख्या आणि ठाण्यातली संख्या शेजारी ठेवली की कोणती शक्यता खरी ते कळते.

वर्षातले सर्वांत धोक्याचे महिने कोणते? सगळे पावसाळा म्हणतात.
— वाचक, बारामती

देशाच्या आकडेवारीत मे आणि जून वर असतात. जुलै ते सप्टेंबर त्यामानाने खाली. पाऊस रस्ता निसरडा करतो, पण वाहनांचा वेग आणि संख्याही कमी करतो. पावसाळ्यात पडणारे अधिक असतात, उन्हाळ्यात मरणारे अधिक. पहिल्या दोन-तीन सरींचे दिवस मात्र खरेच वाईट. वर्षभराचे तेल, रबर आणि धूळ पाण्यात कालवून रस्त्यावर पातळ थर बसतो. पांढरे पट्टे आणि लोखंडी झाकणे त्याहून निसरडी होतात. नंतरचा जोराचा पाऊस हा थर धुऊन नेतो. दुचाकीच्या टायरची नक्षी कायद्याने किमान ०.८ मिलिमीटर आणि चारचाकीची १.६ मिलिमीटर लागते. मेअखेरीस नक्षीतला खुणेचा उंचवटा टायरशी सपाट झालेला दिसला, तर पावसाची वाट पाहू नका.

तुमच्या भागात मात्र गाळप हंगाम, म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, वेगळा मोजायला हवा. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या, अंधार लवकर पडलेला. दिवसातल्या अपघातांपैकी साधारण पाचवा हिस्सा संध्याकाळी ६ ते ९ या तीन तासांत होतो, हे देशभर दिसते.

मागून येणाऱ्याचे गणित असे आहे. ताशी ६० च्या वेगात दर सेकंदाला १६.७ मीटर अंतर कापले जाते. धोका ओळखून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद, म्हणजे २५ मीटर. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. डिपरच्या, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्याच्या, प्रकाशात बिनदिव्याची काळपट ट्रॉली दिसते ३० ते ४० मीटरवर. समोरून येणाऱ्याने अप्पर मारला असेल तर तेवढीही नाही. ‘दिसली नाही’ असे चालक सांगतो तेव्हा तो बहुधा खरेच बोलत असतो. म्हणून रात्री डिपरवर ४० च्या पुढे जाऊ नये.

ट्रॉलीची बाजू याहून सोपी आहे, तरी दर हंगामात तिथेच चुकते. परावर्तक पट्टीचा नियम : पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. कारखाना पट्ट्या वाटतो, त्या मागच्या फळीवर चिकटवल्या जातात आणि ऊस भरला की लोंबणाऱ्या वाढ्यांखाली, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पानांखाली, झाकल्या जातात. पट्टी भरणी झाल्यावर दिसली पाहिजे. त्यासाठी लाल पट्टी मारलेली पत्र्याची पाटी मागच्या आडव्या अँगलला, उसाच्या खाली, चाकाच्या वरच्या उंचीवर लटकवायची. शेतातून बाहेर पडताना ती ओल्या फडक्याने पुसायची, कारण चिखल बसलेली पट्टी चमकत नाही. मागच्या ट्रॉलीचा दिवा सहसा बल्बमुळे बंद नसतो. दोन ट्रॉल्यांमधली वायर वळणावर ताणून तुटते. वायरीला ढील ठेवा आणि मध्ये निघणारा प्लग बसवा.

ट्रॉली पंक्चर झाली तर धोका दुप्पट. लाल त्रिकोण किंवा दिवा किमान ५० मीटर मागे ठेवा. ट्रॉलीला टेकवून ठेवलेला त्रिकोण काही कामाचा नाही. निघताना चाकांना लावलेले दगड उचलून बाजूला टाका. ते दगड रस्त्यातच राहतात आणि पहाटेचा दूधवाला त्यावर आदळतो.

सप्टेंबरचेही एक काम आहे. पावसावर वेड्या बाभळी माजतात आणि वळणाच्या पाट्या झाकतात. हंगामाआधी त्या तोडून घ्या. पावसाने वाहून गेलेल्या साइडपट्ट्याही तेव्हाच भरून घ्यायच्या. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर खड्डा राहिला की बाजूला सरकलेली दुचाकी परत वर चढताना आडवी होते.

शाळेसमोर गाड्या भरधाव जातात. वर्गणी काढून सिमेंटचा गतिरोधक घालावा असे गल्लीचे ठरते आहे. माप किती ठेवावे?
— पालक, संगमनेर

स्वतः घालू नका. रस्ता ज्याचा आहे त्याच्याकडून, म्हणजे नगरपरिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाकडून, घालून घ्या. उद्या त्यावरून कोणी दगावले तर तुम्ही ओतलेल्या ढिगाला कोणाचीही परवानगी नसेल.

माप मात्र तुम्हाला माहीत हवे, म्हणजे ठेकेदाराला अडवता येईल. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचे प्रमाण माप असे : रस्त्याच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मध्यावर उंची १० सेंटिमीटर, आकार वर्तुळाच्या कमानीसारखा, त्रिज्या १७ मीटर. हा ताशी २५ किलोमीटरसाठी असतो. त्या वेगाने गाडी अलगद जाते, वेग वाढला की दणका बसतो. गल्लीतले गतिरोधक नेमके उलटे असतात. अर्धा-पाऊण मीटर रुंद आणि १५–२० सेंटिमीटर उंच. अशा उंचवट्यावर स्कूटरचे छोटे चाक अडते, मागे बसलेली व्यक्ती उडते, गाडीचा तळ घासतो. मोठ्या चाकांची वाहने मात्र फारशी हळू न होता निघून जातात. म्हणजे ज्याला रोखायचे तो सुटतो आणि आजी पडते.

गतिरोधकावर आलटूनपालटून पट्टे रंगवा, ४० मीटर आधी पाटी लावा, वर दिवा हवा आणि कडेने पाणी जायला फट हवी. रंग एका पावसात उडतो, तेव्हा दरवर्षी ऑक्टोबरमध्ये पुन्हा मारायचा. उतारावर किंवा वळणावर गतिरोधक नको. राष्ट्रीय महामार्गावर तर मागूही नका.

शाळेपुढे याहून चांगला पर्याय म्हणजे उंच झेब्रा. पदपथाच्या उंचीचा सपाट ओटा, वर पांढरे पट्टे, दोन्ही बाजूंना सौम्य चढ. मुले पातळी न बदलता पलीकडे जातात आणि चालकाला ती आधी दिसतात. त्यासोबत फाटकासमोरचे पार्किंग दोन्ही बाजूंनी किमान दहा मीटर हटवा. उभ्या व्हॅनच्या आडून धावत येणारे मूल कोणत्याही गतिरोधकाने वाचत नाही.

वेग खरेच जास्त आहे का, हे आधी मोजा. रस्त्याकडेला ५० मीटरवर दोन खुणा करा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचने वेळ घ्या. १८० भागिले सेकंद म्हणजे ताशी वेग : ६ सेकंद लागले तर ३०, ३.६ लागले तर ५०. शंभर वाहने मोजा, मध्येच थांबलेली किंवा गर्दीत अडकलेली सोडून द्या. वेगाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावल्यावर वरून पंधराव्या वाहनाचा वेग अर्जात लिहा. अभियंते तोच पाहतात.

आमच्या फाट्यावर सतत अपघात होतात, पण तो ‘ब्लॅक स्पॉट’ नाही असे उत्तर मिळते. तो कसा ठरतो आणि आम्ही काय करू शकतो?
— वाचक, अंबाजोगाई

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची राष्ट्रीय महामार्गांसाठीची व्याख्या अशी : साधारण ५०० मीटरच्या तुकड्यात लागोपाठ तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू. इतर रस्त्यांसाठीही हीच फूटपट्टी हाताशी ठेवा.

फाटे यातून निसटतात ते बहुधा लिखाणामुळे. एका गुन्ह्यात जागा ‘फाट्याजवळ’, दुसऱ्यात ‘पेट्रोल पंपासमोर’, तिसऱ्यात शेजारच्या गावाची शीव. तिन्ही जागा २०० मीटरच्या आत असतात, पण यादीत तीन वेगळ्या ओळी होतात. म्हणून मूळ नोंदी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून थेट लिहा : अमुक ठाण्याच्या हद्दीतले मागच्या तीन वर्षांतले अपघात, गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण व अक्षांश-रेखांश, वाहनांचे प्रकार, मृत आणि गंभीर जखमींची संख्या, ते पादचारी, दुचाकीस्वार की अन्य. नावे मागू नका. ती मिळत नाहीत आणि त्या सबबीवर सगळा अर्ज अडतो.

मिळालेल्या नोंदी फाट्याच्या मोठ्या नकाशावर मांडा. प्रत्येक अपघाताचे दोन बाण : कोण कुठून आले, कोण कुठे वळत होते. दहा-बारा बाण झाले की चित्र बोलू लागते. सगळे बाण वळणाऱ्या दुचाकीवर मागून येत असतील तर उजवीकडे वळायला वेगळी मार्गिका नाही. आडवे छेदत असतील तर फलक किंवा टपरीने दृष्टी अडली आहे. रात्रीच येत असतील तर दिवा नाही. पायी चालणारे सापडत असतील तर एसटीचा थांबा कोपऱ्यावर आहे. तो फाटा ओलांडून पुढे न्यावा, म्हणजे उतरलेला प्रवासी बसच्या पुढून न जाता मागून जाईल. आणि उलट दिशेने येणाऱ्यांचे अपघात असतील तर फक्त दंड करून भागत नाही. अधिकृत वळण किती लांब आहे ते मोजा. ते दोन-अडीच किलोमीटरवर असेल तर लोक उलट येणारच, नाहीतर हॉटेलवाला दुभाजक फोडून देणार.

हा कागद जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्या. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात आणि पोलीस, परिवहन, बांधकाम असे सगळे विभाग एकाच टेबलावर असतात, त्यामुळे ‘रस्ता आमच्याकडे नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९८अ आहे : रस्त्याच्या रचनेत किंवा देखभालीत मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अर्जात या कलमाचा साधा उल्लेख पुरतो, धमकीचा सूर नको.

गावातल्या गावात, तीसच्या वेगाने जाताना हेल्मेट कशाला?
— वाचक, वाई

तीस सोडा, शून्याचे पाहू. उभ्या माणसाचे डोके दीड मीटरवरून खाली आले तर ते जमिनीवर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने आपटते. गाडी न चालवताही. त्यात गाडीचा वेग मिळवा. २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले; त्यांत १४,३३७ मागे बसलेले होते. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे.

खरेदी करताना आय.एस. ४१५१ ची खूण पाहा. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकला. डोक्यावरून निघाले तर मोठे आहे. पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, तिसरे नाही. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतला फेसाचा थर दबलेला असतो. ते पुन्हा वापरायचे नाही.

जखमीला उचलले तर पोलिसांचा ससेमिरा लागतो का? आणि नक्की काय करावे?
— वाचक, महाड

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात रुग्णालयात पोचवणाऱ्यास केंद्राच्या राह-वीर योजनेत २५,००० रुपये मिळतात. जखमीच्या उपचारांसाठी मे २०२५ पासून रोकडरहित योजना आहे : नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. त्यासाठी अपघाताची पोलिसांकडे नोंद लागते, म्हणून ‘केस नको’ असे म्हणून जखमीचे नुकसान करू नका.

क्रम असा. आधी मागची वाहतूक थांबवा, कारण दुसरी धडक मदत करणाऱ्यांनाच बसते. मग १०८ किंवा ११२. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. किलोमीटरचा दगड वाचून सांगा. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, सारखे उचलून पाहू नका. पाणी पाजू नका. बेशुद्ध माणसाच्या श्वासनलिकेत ते जाते आणि शस्त्रक्रियेलाही अडचण होते. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. हातपाय धरून रिक्षात कोंबणे शेवटचा पर्याय. गाडीला आग लागण्याचा किंवा दुसऱ्या धडकेचा धोका नसेल तर मान आणि पाठ एका रेषेत ठेवून तिथेच थांबा.

मुलगा पंधरा वर्षांचा आहे. क्लासला जायला विजेची स्कूटर घेतली तर परवाना लागत नाही ना?
— पालक, फलटण

मोटर २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ च्या आत असेल तरच ती कायद्याने मोटार वाहन नाही. दुकानदार वेगाची मर्यादा काढून देतो म्हणाला तर त्या क्षणी ती मोटार वाहन होते आणि सगळे कायदे लागू होतात. अल्पवयीन मुलाने मोटार वाहन चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना नाही. तेव्हा खरेदीच्या वेळी मोटरवरची वॅटची पट्टी स्वतः वाचा, पावतीवर मॉडेल आणि वॅट लिहून घ्या आणि हेल्मेट त्याच दिवशी आणा.